नेमकी जागा, नेमकी उष्णता : कर्करोगावरील उष्णोपचार आणि ताऱ्यांचे गणित

कर्करोगाच्या गाठीचे तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान नेऊन ते काही काळ टिकविले, तर गाठीतील पेशी दुबळ्या होतात आणि किरणोपचाराला किंवा औषधाला अधिक सहजपणे बळी पडतात. तापमान ६० अंशांच्या पुढे गेले, तर त्या काही क्षणांतच मरतात. अंड्यातील पांढरा बलक शिजून घट्ट व्हावा तशी त्यांतील प्रथिने गोठतात. यांपैकी पहिल्या पद्धतीला उष्णोपचार अर्थात हायपरथर्मिया, तर दुसऱ्या पद्धतीला औष्णिक दहन किंवा ॲब्लेशन असे म्हणतात. उष्णता कर्करोगाच्या पेशीला मारू शकते का, हा प्रश्न केव्हाच मागे पडला आहे. खरा प्रश्न आहे तो उष्णता गाठीतच ठेवण्याचा आणि शेजारच्या निरोगी ऊतींना तिची झळ लागू न देण्याचा. या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यक, पदार्थविज्ञान आणि चक्क खगोलशास्त्र या तीन शाखा एकत्र आल्या आहेत. या तिसऱ्या शाखेचे भारतातील एक प्रमुख केंद्र बेंगळुरूच्या कोरमंगला भागात आहे.

जुनी कल्पना, नवी साधने

उष्णतेने गाठ नष्ट करण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचे सविस्तर वर्णन असून ग्रंथी व अर्बुद यांच्यासाठीही ते सांगितलेले आढळते. आधुनिक काळात जर्मन शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी १८६६ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्वचेच्या जंतुसंसर्गामुळे आलेल्या तीव्र तापानंतर या रुग्णाच्या चेहऱ्यावरील गाठ विरघळली होती. पुढे १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमधील विल्यम कोली यांनी जिवाणूंपासून तयार केलेली द्रव्ये टोचून हेतुपुरस्सर ताप आणण्याचे प्रयोग केले. या प्रयोगांत गाठ कमी होण्याचे श्रेय तापाला द्यायचे की जागृत झालेल्या रोगप्रतिकारशक्तीला, हे वेगळे करता येत नव्हते. आज कोली यांचे नाव उष्णोपचारापेक्षा प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारांच्या इतिहासातच अधिक घेतले जाते, आणि ते योग्यच आहे.

उष्णता कर्करोगाच्या पेशींना अधिक जाचते याचे कारण त्या पेशींपेक्षा त्यांच्या परिसरात अधिक आहे. गाठीतील रक्तवाहिन्या घाईघाईने, वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात. निरोगी ऊती तापल्या की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वाहते रक्त उष्णता दूर नेते. गाठीला हे नीट साधत नाही, म्हणून तिच्यात उष्णता साठून राहते. शिवाय प्राणवायू कमी व आम्लता जास्त असलेल्या गाठीच्या अंतर्भागातील पेशी उष्णतेला अधिक संवेदनशील असतात. नेमक्या याच प्राणवायूवंचित पेशी किरणोपचाराला सर्वाधिक दाद देत नाहीत. त्याचबरोबर, किरणांमुळे डीएनएच्या धाग्याला पडलेल्या तुटी दुरुस्त करण्याची पेशीची यंत्रणा उष्णतेमुळे काही काळ मंदावते. दोन उपचार एकमेकांची उणीव भरून काढतात, असे हे दुर्मीळ उदाहरण होय.

चाचण्यांचे निष्कर्ष बोलके आहेत. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगासाठी केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनंतर २७ टक्के हयात होत्या. किरणोपचाराला उष्णोपचाराची जोड मिळालेल्या गटात हे प्रमाण ५१ टक्के होते. मुंबईच्या नानावटी रुग्णालयातील डॉ. नागराज हुइलगोळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोके व मान या भागांतील वाढलेल्या कर्करोगांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचाराने सुमारे ४२ टक्के रुग्णांची गाठ पूर्णपणे नाहीशी झाली, तर उष्णोपचाराच्या जोडीने सुमारे ७९ टक्के रुग्णांची. चाचणी लहान होती, रुग्ण पन्नासच्या घरात होते. मध्यक जीवनकाल १४५ दिवसांवरून २४१ दिवसांवर गेला, यावरून रोग किती पुढच्या टप्प्यावर होता याचीही कल्पना येते. भारतात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग आणि तपासणीअभावी उशिरा कळणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचे प्रमाण मोठे आहे. देशात २०२२ मध्ये कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यांपैकी कितीतरी जण गाठ मोठी झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. उष्णोपचाराचा उपयोग ज्या अवस्थेत सिद्ध झाला, ती हीच अवस्था आहे.

एका अंशाची किंमत

असे असूनही उष्णोपचार सर्वत्र का पोहोचला नाही? याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. सापरेतो आणि ड्यूई या संशोधकांनी १९८४ मध्ये उष्णतेची मात्रा मोजण्याची एक रीत मांडली. ४३ अंश हे प्रमाण तापमान मानले, तर त्याहून प्रत्येक अंश वर गेल्यास तेवढाच परिणाम साधण्यासाठी लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ च्या खाली मात्र प्रत्येक अंशागणिक तो चौपट होतो. ४३ अंशांवर ६० मिनिटांत होणारा परिणाम ४४ अंशांवर ३० मिनिटांत, ४५ अंशांवर १५ मिनिटांत, तर ४७ अंशांवर पावणेचार मिनिटांत साधतो. उलट ४२ अंशांवर त्याच परिणामासाठी चार तास लागतील.

याचा अर्थ असा की, गाठीचा एखादा कोपरा केवळ एका अंशाने थंड राहिला तर तेथील उपचार जवळजवळ निष्फळ ठरतो, आणि शेजारची निरोगी ऊती दोन-तीन अंशांनी अधिक तापली तर तिला इजा होते. किरणोपचारात मात्रा दोन-चार टक्क्यांच्या अचूकतेने आखता येते. उष्णोपचारात मात्रेचे मोजमाप हेच कित्येक वर्षे सर्वांत कच्चे अंग राहिले. पूर्वीच्या काही मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्या, त्यात उष्णतेचा दोष कमी आणि ती गाठीपर्यंत पुरेशी न पोहोचल्याचा अधिक होता, असे मानले जाते. त्यातच एकदा तापलेल्या पेशी संरक्षक प्रथिने तयार करून दोन-तीन दिवस उष्णतेला निर्ढावतात. त्यामुळे उपचार रोज देता येत नाही, आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच देता येतो. संधी मोजक्या असल्यामुळे प्रत्येक संधी नेमकी साधणे आवश्यक ठरते.

उष्णता पसरते कशी, याचे समीकरण अमेरिकन वैद्यक हॅरी पेन्स यांनी १९४८ मध्ये माणसाच्या अग्रबाहूतील तापमान मोजून मांडले. बाहेरून दिलेली उष्णता, शेजारच्या भागात वहनाने जाणारी उष्णता, पेशींच्या चयापचयातून निर्माण होणारी उष्णता आणि ३७ अंशांच्या रक्ताने वाहून नेलेली उष्णता या चारांचा तो हिशेब आहे. यांपैकी रक्ताची बाब सर्वांत बेभरवशाची आहे. यकृतातील गाठीत सुई खुपसून रेडिओ लहरींनी दहन करताना तीन मिलिमीटरहून रुंद रक्तवाहिनी गाठीला लागून असेल, तर ती शीतकासारखे काम करते आणि तिच्या कडेच्या पेशी जिवंत राहण्याचा धोका असतो. पुष्कळदा रोग उलटतो तो याच जागेवरून.

प्रकाशाची वाट आणि कोरमंगला

उष्णता बाहेरून ढकलण्याऐवजी गाठीतच निर्माण करावी, ही कल्पना गेल्या पंचवीस वर्षांत पुढे आली. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये सिलिकाच्या सूक्ष्म गोळीवर सोन्याचा पातळ थर चढवून बनविलेल्या कणांचे प्रयोग प्रसिद्ध केले. सोन्याच्या थरातील मुक्त इलेक्ट्रॉन विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाला सामूहिक आंदोलनाने प्रतिसाद देतात, प्रकाश शोषतात आणि त्याचे रूपांतर उष्णतेत करतात. थराची जाडी बदलली की ही तरंगलांबीही बदलते. ती सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यात आणली जाते, कारण या निकट-अवरक्त पट्ट्यात रक्तातील हिमोग्लोबिन आणि पाणी ही दोन्ही द्रव्ये प्रकाश कमी शोषतात. शरीराची जणू ही एक खिडकीच आहे.

परंतु खिडकी म्हणजे पारदर्शक काच नव्हे. ऊतीत शिरलेला प्रकाश फारसा शोषला जात नसला, तरी तो पेशींच्या आवरणांवर व तंतूंवर आदळून सारखा दिशा बदलतो; या क्रियेला विकिरण म्हणतात. निकट-अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत असे वळण साधारणपणे दर दशांश मिलिमीटरला येते. हाताच्या पंज्यामागे विजेरी धरली असता बोटे लाल, धूसर उजळतात, पण आतील हाडांची रेषा दिसत नाही, त्याचे कारण हेच. मग त्वचेवर सोडलेला लेसर दोन सेंटिमीटर खोल असलेल्या गाठीच्या कोणत्या भागात किती ऊर्जा टाकेल, हे सांगायचे कसे?

हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनी फार पूर्वी सोडवायला घेतला होता. ताऱ्याच्या वातावरणातून बाहेर पडणारा प्रकाशही असाच शोषला जात, विखुरला जात, दिशा बदलत येतो. त्याचा हिशेब ठेवणाऱ्या समीकरणाला प्रारण-स्थानांतरणाचे समीकरण म्हणतात. लाहोरमध्ये १९१० साली जन्मलेले आणि १९८३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५० मध्ये या विषयावर लिहिलेला ग्रंथ आजही पायाभूत मानला जातो. तारे आणि ग्रहांची वातावरणे डोळ्यांपुढे ठेवून मांडलेल्या या गणिताचा आधार पुढे ऊती-प्रकाशिकीने घेतला, ही विज्ञानाच्या इतिहासातील मोठी रंजक घटना होय. याहून थेट उदाहरण म्हणजे हेन्ये आणि ग्रीनस्टाइन यांचे सूत्र. आकाशगंगेतील धूळ ताऱ्यांचा प्रकाश कोणत्या दिशेला किती विखुरते, हे सांगण्यासाठी त्यांनी १९४१ मध्ये ते मांडले. आज माणसाच्या त्वचेत किंवा मेंदूत प्रकाशाचा मार्ग संगणकावर काढताना तेच सूत्र सर्रास वापरतात. त्यातील एका अंकाने प्रकाश किती प्रमाणात पुढच्याच दिशेने झुकतो हे कळते. बहुतेक ऊतींसाठी त्याचे मूल्य ०.९ च्या आसपास असते, म्हणजे प्रत्येक वळण लहान असते, पण वळणे असंख्य असतात.

कोरमंगला येथील भारतीय ताराभौतिकी संस्था हे या गणिताचे भारतातील एक जुने घर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या मद्रास वेधशाळेचा आणि कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचा वारसा सांगणारी ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि वेणू बाप्पू यांच्या नेतृत्वाखाली वाढली. ती केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत आहे. तेथील ए. पेरय्या यांनी ताऱ्यांच्या विस्तारलेल्या वातावरणांसाठी प्रारण-स्थानांतरणाचे समीकरण सोडविण्याच्या रीतींवर दीर्घकाळ काम केले. या विषयावरील त्यांचे पाठ्यपुस्तक केंब्रिज विद्यापीठाने २००१ मध्ये प्रसिद्ध केले. के. एन. नागेंद्र यांनी ध्रुवीभूत प्रकाशाचे स्थानांतरण अभ्यासले, तर सुजन सेनगुप्ता यांनी सूर्यमालेबाहेरील ग्रहांच्या वातावरणांचा. या शास्त्रज्ञांचा विषय कर्करोग नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण विखुरणाऱ्या माध्यमात ऊर्जा कोठे साठते हा त्यांचा प्रश्न आणि लेसरने गाठ तापविणाऱ्याचा प्रश्न यांची गणिती मांडणी एकच आहे. संस्थेपासून थोड्याच अंतरावर सेंट जॉन्स हे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. एकाच वस्तीत दोन टोकांची विद्या नांदावी आणि दोहोंना एकाच समीकरणाची गरज पडावी, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ताऱ्याच्या वातावरणात तापलेला वायू स्वतःच प्रकाश बाहेर टाकतो आणि तो मूळ प्रकाशात मिसळतो. त्यामुळे तापमान व प्रकाश यांची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात. शरीराची ऊती ४३ अंशांवरही प्रारण टाकते, पण ते सुमारे ९ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या दूरच्या अवरक्त पट्ट्यात असते, लेसरच्या ०.८ मायक्रोमीटर प्रकाशाशी त्याचा गोंधळ होत नाही. म्हणून येथे हिशेब दोन पायऱ्यांत करता येतो. आधी प्रकाश कोठे किती शोषला गेला ते काढायचे आणि मग ती ऊर्जा पेन्स यांच्या समीकरणात घालून तापमान काढायचे. ऊतीचे कण जसे विखुरतात तसेच सोन्याचे कणही विखुरतात व शोषतात. त्यांची संख्या गाठीच्या पृष्ठभागाजवळ फार झाली, तर ते सारा प्रकाश तेथेच गिळतात आणि खोलवरचा भाग थंड राहतो. अधिक कण म्हणजे अधिक चांगला उपचार, ही सहज सुचणारी समजूत गणिताने अशी खोटी ठरते.

चुंबकाने तापणारे कण

खोल गाठींसाठी प्रकाश अपुरा पडतो. तेथे चुंबकीय कणांचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो, कारण शरीर चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ पारदर्शक असते. लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण गाठीत सोडून बाहेरून दर सेकंदाला लाखभर वेळा दिशा पालटणारे चुंबकीय क्षेत्र लावले, की कणांचे चुंबकत्व त्या पालटाबरोबर फिरताना उष्णता निर्माण करते. गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी ही कल्पना १९५७ मध्येच मांडली होती. जर्मनीत विकसित झालेल्या अशा उपचाराला मेंदूतील गाठींसाठी २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. मात्र त्यातील अडचणीही पुढे आल्या. गाठीत राहिलेल्या लोहकणांमुळे नंतर एमआरआय प्रतिमा बिघडत असे आणि उपचाराआधी दातांतील धातूचे भरणही काढावे लागे. उपचार विकसित करणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. विज्ञान यशस्वी होऊनही उपचार बाजारात टिकेलच असे नाही, हे यावरून दिसते.

या क्षेत्रात महाराष्ट्रातील संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात शि. ह. पवार यांच्या गटाने चुंबकीय नॅनोकणांवर काम केले. दोन्ही ठिकाणी अभ्यासलेल्या पदार्थांपैकी लँथॅनम, स्ट्राँशियम व मँगनीज यांचे संयुग विशेष लक्ष वेधते. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक क्यूरी तापमान असते; त्याच्या वर तो आपले चुंबकत्व गमावतो. लोखंडाच्या बाबतीत ते ७७० अंश आहे. या संयुगात घटकांचे प्रमाण आणि कणांचा आकार बदलून क्यूरी तापमान खाली, थेट उपचाराच्या तापमानाजवळ आणता येते. मग कण त्या तापमानाला पोहोचला की त्याचे चुंबकत्व संपते आणि तापणे आपोआप थांबते. थंड झाला की पुन्हा तापू लागतो. विजेच्या इस्त्रीतील उष्णता-नियंत्रक जसा, तसाच प्रत्येक कण स्वतःचा नियंत्रक होतो. रक्तवाहिनीजवळचा थंड कोपरा आणि मधला गरम भाग यांतील तफावत कमी करण्याचा याहून सुबक उपाय क्वचितच सुचला असेल. चुंबकत्व खोलीच्या तापमानालाही क्षीण असल्याने अशा कणांची तापण्याची क्षमता मात्र मर्यादित राहते.

मुंबईच्या आयआयटीतच रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने मेदद्रव्याच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांवर सोन्याचा थर देऊन, काम झाल्यावर शरीरातून बाहेर पडू शकतील असे कण तयार केले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अशोक रायचूर आणि जया प्रकाश यांच्या गटांनी २०२३ मध्ये सोने व कॉपर सल्फाइड यांचे ८ नॅनोमीटरहूनही लहान कण जाहीर केले. प्रकाश पडल्यावर ते तापतात आणि त्याच वेळी ध्वनिलहरीही सोडतात, त्यामुळे गाठ कोठे आहे हे दिसू शकते. हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवर झाले असून रुग्णापर्यंतचा पल्ला मोठा आहे. केंद्र सरकारने २००७ मध्ये सुरू केलेल्या नॅनो मिशनमुळे देशात नॅनोविज्ञानाच्या संशोधनाचा पाया विस्तारला.

कण गाठीत पोहोचतात का?

येथे एक कटू आकडा सांगणे भाग आहे. गाठीच्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने रक्तात सोडलेले सूक्ष्म कण तेथे आपोआप साठतात, असे जपानी संशोधक मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखविले आणि या तत्त्वावर शेकडो प्रकल्प उभे राहिले. दहा वर्षांच्या प्रकाशित प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी मध्यक हिशेबाने केवळ ०.७ टक्के कण गाठीत पोहोचल्याचे आढळले. उरलेले मुख्यतः यकृत व प्लीहा यांत अडकतात. म्हणूनच मेंदूतील लोहकण थेट गाठीत टोचले गेले. सोन्याच्या कणांच्या पुरःस्थ ग्रंथीवरील चाचणीत कण रक्तातून दिले असले, तरी लेसर सुईवाटे गाठीपर्यंत नेण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १६ पैकी १५ रुग्णांवर गाठीपुरते दहन साधले आणि मूत्रविषयक व लैंगिक कार्यावर लक्षणीय दुष्परिणाम दिसला नाही.

दुसरा मार्ग असा, की कणांच्या नेमकेपणावर विसंबण्याऐवजी उष्णता टाकणाऱ्या साधनाचा नेमकेपणा वाढवावा. रुग्णाभोवती अँटेनांचे कडे लावून प्रत्येकीच्या लहरींची वेळ किंचित मागे-पुढे केली की लहरी शरीरात एका ठिकाणी परस्परांना बळ देतात; हे ठिकाण हलवता येते. श्राव्यातीत ध्वनी बहिर्गोल भिंगाने प्रकाश गोळा करावा तसा तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एकवटता येतो. ऑक्सफर्डमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा रुग्णांना उष्णतेने फुटणाऱ्या पुटिकांतून औषध दिले आणि यकृतातील गाठ ध्वनीने किंचित तापविली. गाठीतील औषधाचे प्रमाण सरासरी ३.७ पट वाढले. येथे उष्णता स्वतः मारत नाही, ती केवळ औषधाची कुपी योग्य जागी उघडते.

या सर्व पद्धतींना लागणारी शेवटची गोष्ट म्हणजे शरीरात सुई न खुपसता तापमान मोजणारा डोळा. पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्राची चुंबकीय अनुनाद-वारंवारिता तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे दहा कोटींत एका भागाने बदलते. एमआरआय यंत्र हा बदल टिपते आणि गाठीचा तापमान-नकाशा काही सेकंदांत पडद्यावर आणते. चरबीत मात्र हा बदल जवळजवळ होत नाही. त्यामुळे स्तनासारख्या चरबीयुक्त अवयवात नकाशात पोकळ्या राहतात, आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या यकृतात तो अस्पष्ट होतो. त्यावर गणिताने मात करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. बाहेर आलेल्या संकेतावरून आतील अवस्था ओळखण्याचा हा उलटा प्रश्न आहे. दुर्बिणीत आलेल्या प्रकाशावरून ताऱ्याच्या पोटातील तापमान सांगणाऱ्यांना तो नवा नाही.